ठेव, हातउसने की गुंतवणूक? अर्जात कोणता शब्द लिहावा

प्रश्न, खानापूरहून

नमस्कार. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांनी एका ओळखीच्या माणसाकडं पैसे दिलेत. दरमहा ठरावीक 'परतावा' आणि मुदतीनंतर मुद्दल परत, अशी बोली होती. खरं स्टँपपेपरवर 'हातउसने घेतले' असं लिहिलंय. सुरुवातीला पैसे वेळेवर आले, आता फोनही उचलत नाही. डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत, अर्ज द्यायचाय. एकजण म्हणतो 'ठेव' लिहा, दुसरा म्हणतो 'गुंतवणूक' लिहा. कोर्टाबाहेरचा लेखनिक म्हणाला, कागदावर हातउसने आहे, मग तेच लिहावं लागणार. या तीन शब्दांत नेमका फरक काय? अर्ज कन्नडातून द्यायचा तर तिकडं कोणता शब्द?

उत्तर, टिळकवाडी, बेळगावहून

ताई, शब्दांचा फरक सांगतो. आधी एवढं सांगतो की लेखनिकाचं ऐकू नका.

'उसनं' म्हणजे जे घेतलं तेवढंच परत द्यायचं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो तसं. 'हातउसने' म्हणजे अडीनडीला, थोड्या दिवसांसाठी, ओळखीवर आणि बिनव्याजी घेतलेले पैसे. त्याला ना शेकडा व्याज असतं, ना स्टँप. दरमहा काहीतरी मिळणार असं ठरवून गल्लीभर लोकांनी दिलेल्या पैशाला मराठीत हातउसने म्हणताच येत नाही. तो शब्द तिथं घातला जातो तो हेतूनं. दोन माणसांमधला खाजगी देण्याघेण्याचा व्यवहार वाटावा आणि पोलिसांनी 'हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जावा' म्हणून परत पाठवावं, यासाठी.

'ठेव' वेगळी. ती ठेवणाऱ्याचीच राहते. घेणारा सांभाळतो आणि मागितली की किंवा मुदत भरली की परत करतो. 'गुंतवणुकी'त पैसा धंद्यात जातो, मग नफा झाला तर नफा, तोटा झाला तर तोटा. म्हणून 'गुंतवणूक करा, दरमहा ठरलेली रक्कम खात्रीनं मिळेल' हे वाक्य ऐकलं की तिथंच थांबावं. खात्री द्यायची असेल तर ती ठेव झाली, आणि लोकांकडून ठेवी घ्यायला कायद्याची परवानगी लागते.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे. त्यात ठेवीची व्याख्या मुद्दाम रुंद केलेली आहे. आगाऊ रक्कम म्हणून, कर्ज म्हणून किंवा दुसऱ्या कुठल्याही रूपात, परत करण्याचं वचन देऊन घेतलेले पैसे म्हणजे ठेव. मग व्याज असो, बोनस असो, नफा असो वा काहीच नसो. धंदा म्हणून लोकांकडून अशा ठेवी घेणं, ती योजना कुठल्या नियामकाखाली नसेल तर, गुन्हा आहे. सख्ख्या नात्यातलं कर्ज त्यातून वगळलंय, खरं गल्लीतला 'आपला माणूस' त्या नात्यात बसत नाही. याच्या आधीपासून कर्नाटकाचा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा २००४ चा कायदाही आहे. पलीकडं चंदगड-गडहिंग्लजला महाराष्ट्राचा १९९९ चा.

शब्द बदलून पळवाट काढणं जुनंच आहे. बेंगळुरूच्या आयएमए या लोकांकडून पैसे घेणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात लोकांना कागदोपत्री 'भागीदार' करून घेतलं होतं. २०१९ च्या जूनमध्ये मालक देशाबाहेर गेला, जुलैत दिल्लीत पकडला गेला. भागीदार हा शब्द त्याच्या कामी आला नाही. पुढं मालमत्तेवर टाच आली ती ठेवीदारांच्याच कायद्याखाली.

कन्नडातला शब्द सोपा आहे: 'ठेवणि'. आपल्याच 'ठेवणी'तून तिकडं गेलेला. ठेवीदार म्हणजे 'ठेवणिदार'. गुंतवणुकीला 'हूडिके' म्हणतात, तो शब्द तुमच्या अर्जात नको.

आणि 'परतावा' शब्दाबद्दल. हा अलीकडं व्याजाच्या जागी फार वापरतात, मला तो धोक्याचा वाटतो. परतावा म्हणजे परत दिलेलं. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीनं ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून लोकांकडून पैसे गोळा केले आणि नव्या लोकांचे पैसे जुन्यांना दिले. तुम्हाला सुरुवातीला वेळेवर आलेली रक्कमही बहुधा कुणा दुसऱ्या घरचं मुद्दल असणार. अर्जात 'व्याज' किंवा 'दरमहा ठरलेली रक्कम' लिहा.

निपाणीहून

सर, मग पतसंस्थेतली पिग्मी यात येते काय? आमच्याकडं दुकानदार रोज पिग्मी भरतात आणि 'बँकेत आहेत' म्हणतात.

टिळकवाडीहून

पिग्मी हा शब्द उडुपीच्या सिंडिकेट बँकेकडून आला. १९२८ मध्ये रोज दोन आण्यांपासून गोळा करायची त्यांची योजना होती. बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, शब्द मात्र कोल्हापूरपर्यंत रुजला. सभासदांकडून ठेवी घेणारी नोंदणीकृत सहकारी संस्था या बंदीत येत नाही. खरं पतसंस्थेला 'बँक' म्हणू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, नागरी सहकारी बँकेतसुद्धा. पतसंस्थेला, कर्नाटकातल्या 'सौहार्द' सहकारी संस्थेला तो नाही. पाटीवर कन्नडात 'पत्तिन सहकारी संघ' असेल तर ती पतसंस्था. तक्रार कुठं करायची तेही पाटीच सांगते: राज्यातली असेल तर राज्याच्या सहकार निबंधकाकडं, 'मल्टिस्टेट', म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी, असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडं. आपल्या सीमेवर मल्टिस्टेट पुष्कळ आहेत. निपाणीच्या ठेवीदाराला दिल्लीला पत्र लिहायला लागावं, हे मला अजिबात पटत नाही. देखरेख ठेवणारा जवळ असायला पाहिजे.

खानापूरहून

सर, समजलं. आता कच्चा अर्ज लिहूलालोय. 'आमचे पैसे बुडाले' असं सुरुवातीला लिहू काय?

टिळकवाडीहून

नको. 'बुडाले' म्हटलं की कुणी बुडवले तेच दिसत नाही. 'बुडवले' खरं आहे, पण अर्जात तेही मोघम. फसवणुकीला 'वंचने' आणि विश्वासघाताला 'नंबिके द्रोह' हे कन्नड शब्द पोलिसांना रोजचे आहेत. 'चारशेवीस' लिहू नका. १ जुलै २०२४ नंतरच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, विश्वासघाताला ३१६. त्याआधीच्या व्यवहाराला जुनी कलमं. कलम कोणतं ते पोलीस ठरवतील, तुम्ही घटना लिहा.

प्रत्येक घराचं नाव, रक्कम आणि तारीख एका यादीत घ्या. एकट्यानं दिलेला अर्ज उसनवारीचा वाटतो. सगळ्यांची यादी जोडली की तो माणूस धंदा म्हणून ठेवी घेत होता हे दिसतं. बँकेचा उतारा, फोनपेच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचे निरोप जोडा. मूळ स्टँपपेपर कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. पहिलं वाक्य असं करा आणि मग कन्नडात करून घ्या:

'मुदतीनंतर मुद्दल परत करण्याचं व दरमहा ठरलेली रक्कम देण्याचं वचन देऊन यांनी सोबतच्या यादीतल्या आम्हा सर्वांकडून ठेवी घेतल्या, कागदावर त्यांना हातउसने असं नाव दिलं, आणि मागणी करूनही ठेवी परत केलेल्या नाहीत.'