लेकीसोबत नागपूरची इंजिनिअरिंग कॉलेजं पाहायला येतोय, नेमकं काय बघू?

वणीकर_बाबा
नमस्कार मंडळी. मुलीची सीईटी झाली, पर्सेंटाइल बऱ्यापैकी आहे. इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर म्हणते. कॅपचा (राज्याच्या सामायिक प्रवेश फेऱ्यांचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायच्या आधी रामदेवबाबा, वायसीसीई, रायसोनी आणि जमलं तर व्हीएनआयटी डोळ्यांनी पाहून घ्यावं म्हणतो. शनिवार-रविवार बर्डीला (सीताबर्डी) मुक्काम आहे. आमच्या घरात याआधी कोणी इंजिनिअरिंगला गेलेलं नाही, त्यामुळे कॉलेजात जाऊन विचारायचं काय, तेच कळत नाही.

बर्डीचा_पोट्टा
काका, रविवारी कुठं येऊन राहिले? कुलपं पाहाल. वर्ग चालू असतील असे मधले वार पकडा.
व्हीएनआयटी कॅपमध्ये नसतं. तिथली सीट जेईई मेनवर, जोसातून (आयआयटी-एनआयटीच्या देशपातळीवरच्या प्रवेश फेऱ्यांतून) मिळते. निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या पोरांसाठी असतात हे खरं, पण जेईई दिलीच नसेल तर तिथं नुसती झाडं पाहून परत याल. (झाडं मस्त आहेत, ते सोडा.)
एक दिवस हिंगणा रोडला द्या. बर्डीहून मेट्रोची ॲक्वा लाइन धरा, लोकमान्य नगर शेवटचं स्टेशन, पुढं ऑटो. वायसीसीई आणि रायसोनी दोन्ही त्याच बाजूला. रामदेवबाबा काटोल रोडला, तिकडं मेट्रो नाही, 'आपली बस' (शहर बस) नाहीतर ऑटो. ते आता विद्यापीठ झालंय, तेव्हा प्रवेश कसा होतो आणि सरकारी फी सवलत तिथं लागू आहे का, हे दोन प्रश्न आधी.

लॅब_नंबर_सात
बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर.
ऑफिसवाले तुम्हाला सेमिनार हॉल, जिम आणि एक चकचकीत लॅब दाखवतील. पाहून घ्या, कौतुक करा. मग म्हणा, "दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू आहे का कुठं? दारातून बघतो." एका ऑसिलोस्कोपभोवती (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) दोन-तीन मुलं आहेत की आठ-दहा, ते मोजा. त्यातला एकच बटणं फिरवत असेल आणि बाकीचे त्याच्या फाईलमधून रीडिंग उतरवत असतील, तर समजून जा. प्रोबच्या (त्या यंत्राला जोडायच्या) वायरी मळलेल्या, एखादीला चिकटपट्टी लावलेली दिसली तर मला बरं वाटतं, यंत्र वापरात आहे. प्रोब अजून पाकिटात असेल तर ते तपासणीला येणाऱ्या कमिटीला दाखवायला घेतलेलं.
एनबीए ही दर्जाची मान्यता अख्ख्या कॉलेजला नसते, ब्रँचला असते आणि तिला मुदत असते. अख्ख्या कॉलेजला मिळते ती नॅक. त्यामुळे "आमचं एनबीए आहे" असं ऐकलं की विचारा, कोणत्या ब्रँचला, कधीपर्यंत?
गेटवरच्या फ्लेक्सवर पॅकेज एकाच पोराचं असतं. एनआयआरएफला (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) भरून दिलेली माहिती कॉलेजच्या वेबसाइटवर शोधा. किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती, सगळं त्यात असतं. ते आकडे पूर्ण कॉलेजचे असतात, म्हणून ब्रँचचे वेगळे टीपीओकडे (प्लेसमेंट पाहणारे अधिकारी) मागा. देताना चाचरले तर तेही उत्तरच.

गोंदियाची_होस्टेलवाली
काका, राग मानू नका, पण अर्धा तास लेकीला एकटीला कँटीनमध्ये सोडा. बाबा शेजारी बसले की सीनियर मुली "सगळं छान आहे" एवढंच बोलतात. तिला विचारू द्या: एप्रिल-मेमध्ये खोलीत कूलर लावू देतात का, पाण्याचा टँकर येतो का, मेसमध्ये रविवारी रात्री काय असतं, होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं. आमच्याकडं लायब्ररी दहापर्यंत उघडी आणि होस्टेलचं गेट साडेआठला बंद. आता सांगा, ती लायब्ररी कोणाच्या कामाची?

फॉर्मवाली_मावशी
एक महत्त्वाचं राहिलं. एका कॉलेजात मला "ताई, आत्ताच सीट बुक करा, नंतर मिळणार नाही" म्हणून तासभर बसवून ठेवलं होतं. पैसे भरू नका. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी विसरा. होस्टेल आणि मेसचा खर्च माफीत धरू नका.
आणि पहिल्या फेरीत पहिल्याच पर्यायाचं कॉलेज लागलं तर सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. माझ्या मते फिरायचं ते एवढ्यासाठीच, एक नंबरला कोणतं टाकायचं हे ठरवायला. दहाव्या पर्यायाचं कॉलेज पाहायला ऑटोचे पैसे घालू नका.

वणीकर_बाबा
सगळ्यांचे आभार. मंगळवार-बुधवार केलं. जेईई दिलेली नाही, त्यामुळे व्हीएनआयटी कटलं. कँटीनची अट लेकीला लगेच पटली, काहून ते समजलं. गेटवर सोडत नसतील तर काय सांगू?

बर्डीचा_पोट्टा
"ॲडमिशनची चौकशी" म्हणा, आधार कार्ड दाखवा, रजिस्टरवर सही करा, सोडतात. नाहीच सोडलं तर ॲडमिशन ऑफिसला फोन लावायला सांगा. सकाळी लवकर निघा, वाटेत तर्री पोहा खाऊन घ्या. वणीपेक्षा जरा जास्त तिखट लागेल.