अंगणवाडीसाठी झटपट गोधड्या: मधले थर गोळा का होतात?

प्रश्न: थंडीआधी लेकरांसाठी 20 गोधड्या शिवायच्या आहेत. सुती लुगडी जमली. पण पहिलीच धुतल्यावर मधलं कापड एका कोपऱ्यात गोळा झालं. काय चुकलं?

उत्तर: ताई, आत सिंथेटिक साडी घातली असेल. ती सरकते, सुती आटतं, मग झोळ पडतो. सगळं सुतीच घ्या आणि नवं कापड आधी धुऊन आटवा. थर ताणून अंथरा, मधोमध आडवे-उभे लांब कच्चे टाके घाला, मगच धावदोरा. ओळींत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नको.

उत्तर: नऊवारी साधारण 8 मीटर. मीटरमीटरचे 8 तुकडे पाडा, चार थरांच्या दोन गोधड्या होतात. विरलेला भाग आत, धड वर-खाली. मशीनवर 16 नंबरची सुई, टाका मोठा. घाईत सहा थर घेऊ नका, सुई मोडते आणि ओली गोधडी बाईला पिळवत नाही.

उत्तर: साडीवरची जर, टिकल्या, हूक काढाच, तान्ह्याला बोचतात. वर्षाच्या आतल्या बाळाला गोधडी अंथरायलाच द्या, झोपेत पांघरूण तोंडावर येतं.