'स्पिन'ची पिळवणूक थांबवा

आडमुठा:
काल इथेच एकाने ठोकून दिलं, "स्पिन, रोटेट, रिव्हॉल्व्ह सगळं एकच. आपलं 'फिरणे' आहे ना, उगाच बारकावे कशाला?" त्यावर वाहवा करणारेही निघाले, म्हणून हा प्रपंच.

शाळेत परिवलन आणि परिभ्रमण घोकलंय ना? पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत फिरते ते रोटेट, सूर्याभोवती वर्षभरात फेरी घालते ते रिव्हॉल्व्ह. स्पिन पहिल्याच्या जातीचा, पण त्यात भोवऱ्याची गरगर हवी. घड्याळाचा तासकाटा रोटेट होतो, तो स्पिन होतोय असं कुणी म्हणतं का? आणि "मून स्पिन्स अराउंड द अर्थ" वाचलं की घासात खडा आल्यासारखं होतं. भूतकाळ 'स्पन' आहे, 'स्पिन्ड' नाही, हेही जाता जाता सांगतो.

चिमटा:
म्हणजे तुमच्या नियमाने रिव्हॉल्व्हिंग चेअरने टेबलाभोवती चकरा मारायच्या? रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं नळकांडं स्वतःच्याच आसाभोवती फिरतं. आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मधला आर रिव्होल्यूशन्सचा आहे, मोटर काय सूर्याला प्रदक्षिणा घालते? भूगोलाच्या पुस्तकातली व्याख्या सगळ्या इंग्रजीवर लादू नका.

आडमुठा:
बरं, खुर्ची तुमची. बसा गरगरत. खगोलशास्त्रात मात्र फरक पाळतात म्हणजे पाळतात.

खडूधारी:
गरगर हवी म्हणे. इलेक्ट्रॉनचं काय करता? १९२५ साली उलेनबेक आणि गाउडस्मिट या भौतिकशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनला स्पिन असल्याचं मांडलं. तो खरंच गोळ्यासारखा फिरत असता तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगाने धावला असता, हा हिशोब लॉरेन्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाने लगेच पुढे केला. म्हणजे गरगर शून्य, तरी नाव स्पिन! आणि दर वर्षी नवी बॅच वहीत तोच छोटा चेंडू काढते, भोवती बाण. मी खोडतो, पुन्हा काढतात.

सूतोवाच:
सगळेच चेंडूला चिकटलात. स्पिन म्हणजे मुळात सूत कातणं. जुन्या इंग्रजीतला स्पिनन म्हणजे तंतू ओढून त्याला पीळ देणं. गरगर फिरण्याचा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला. स्पायडर त्याच कुळातला, स्पिन्स्टर म्हणजे आधी सूत कातणारी बाई.

माझे वडील सूतगिरणीत स्पिनिंग खात्यात होते. रिंग फ्रेमवर (सूत कातायच्या यंत्रावर) चाती, म्हणजे सूत गुंडाळणारा दांडा, मिनिटाला १५,००० च्या वर फेरे घेते, कडेला ट्रॅव्हलर नावाची नखाएवढी कडी पळते आणि तिच्या एका फेऱ्यामागे सुताला एक पीळ बसतो. पीळ कमी पडला तर सूत तुटतं, जास्त झाला तर स्वतःलाच वेटोळे घालतं. तुटलेलं टोक चालू साच्यावर बोटांनी सांधायचं, वडिलांच्या बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली होती. 'स्पिनिंग'ला नुसतं फिरणं म्हणणाऱ्याने एक पाळी तिथे काढावी.

आडमुठा:
वडिलांना नमस्कार. पण शब्द कुठून आला यावरून आज तो कसा वापरायचा हे ठरत नाही.

लेगगल्ली:
पीळ! हेच मी कॉमेंटरीवाल्यांना वर्षानुवर्षं सांगतोय (टीव्हीसमोर बसून). "बॉल स्पिन झाला" म्हणतात टप्प्यानंतर. अहो, स्पिन हातातून सुटतानाच झालेला असतो, टप्प्यावर होतो तो टर्न!

चिमटा:
मग ज्याचा चेंडू टर्नच होत नाही त्याला काय म्हणायचं? उदाहरणार्थ कुंबळे. तो स्लो मीडियम होता.

लेगगल्ली:
झालं! ६१९ कसोटी बळी घेणाऱ्याबद्दल हे बोलायचं धाडस नेटवरच होतं. १९९९, कोटला, ७४ धावांत पाकिस्तानचे दहाच्या दहा. ते काय नुसते सरळ चेंडू होते?

चिमटा:
बरेचसे सरळच होते. म्हणून तर पायचीत झाले.

लेगगल्ली:
तुम्हाला स्पिनमधला 'स' कळत नाही. टॉपस्पिन हा स्पिनच. आस आडवा, चेंडू पुढच्या दिशेने फिरतो, म्हणून लवकर खाली येतो आणि उसळतो. बाजूला वळत नाही, कारण वळायचं कामच त्याचं नाही.

कॉलेजात मी लेगस्पिन टाकायचो. शिवण पहिल्या दोन बोटांत, अनामिका दुमडून खाली, चेंडू सुटतो त्या अनामिकेवरून. कडेला घट्टा पडला होता. आमच्या कोचने बघितलं आणि म्हणाला, "वळत नाही, तू स्पिनर नाहीस." संघाबाहेर! चेंडू ड्रॉप होत होता, यष्टिरक्षक सांगत होता, पण ऐकतो कोण.

चिमटा:
अच्छा, म्हणजे प्रश्न कुंबळेचा नाहीच.

लेगगल्ली:
वैयक्तिक जाऊ नका हं.

खडूधारी:
लेगगल्लींचं भौतिकशास्त्र बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य. फिरत्या चेंडूला हवा एका बाजूला ढकलते, याला मॅग्नस परिणाम म्हणतात. १९९३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर वॉर्नचा तो गाजलेला चेंडू आधी हवेतच लेगला सरकला, मग टप्पा पडून इंग्लंडच्या गॅटिंगचा ऑफस्टंप घेऊन गेला. हवेतलं सरकणंही स्पिनचंच. टर्न हा फक्त त्याचा एक परिणाम.

चिमटा:
ठीक. कुंबळे स्पिनर होता. टर्नर नव्हता. खूश?

लेगगल्ली:
अर्धवट माफी नको.

सूतोवाच:
सुताचं कुणाला काही पडलेलं नाही, कळलं.

आडमुठा:
धागा शब्दाचा होता, लोकांनी मैदानात नेला. इलेक्ट्रॉन खडूधारींचा, खुर्ची चिमट्यांची, पीळ सूतोवाचांचा, सगळं दिलं. पृथ्वी स्पिन होते म्हणायलाही माझी ना नाही, विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर हा काही तासकाटा नव्हे. पण चंद्राला पृथ्वीभोवती स्पिन करायला लावाल तर मी पुन्हा लिहीन, याहून लांब.

लेगगल्ली:
आणि श्रीलंकेचा मुरलीधरन? चेंडू मनगटाने फिरवायचा की बोटांनी?

आडमुठा:
त्याचा वेगळा धागा काढा. मी येणार नाही.