एकाच बँकेची दोन कार्डं, लिमिट इकडचं तिकडे करता येतं का?

चिंचवडकर_७७
मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. माझ्याकडे एकाच बँकेची दोन क्रेडिट कार्डं आहेत. एक जुनं व्हिसा, लिमिट ३,२०,०००. दुसरं रुपे, लिमिट फक्त ४०,०००. रुपे घेतलं ते यूपीआयला जोडता येतं म्हणून, आणि आता झालंय असं की किराणा, पेट्रोल, मेडिकल सगळं क्यूआर स्कॅन करूनच जातं, त्यामुळे वीस तारीख आली की रुपेचं लिमिट संपतं आणि व्हिसा पाकिटात नुसतं पडून. मला बँकेकडून एक रुपया जास्त नकोय हो, व्हिसावरचे एक लाख उचला आणि रुपेवर टाका, बास.
कस्टमर केअरला विचारलं तर एक जण म्हणाला असं सिस्टीममध्ये होतच नाही. परत फोन केला तर मॅडम म्हणाल्या होतं की सर, आधी व्हिसा बंद करा मग ते लिमिट आपोआप रुपेवर येईल. त्यानंतर जो भेटला त्याने माझं ऐकूनच घेतलं नाही, सर तुम्हाला प्रीअप्रूव्ह्ड लोन आहे, ते घेता का. ब्रँचमध्ये गेलो तर कार्डचं डिपार्टमेंट वेगळं असतं म्हणे, आमच्या हातात काही नाही.
शिवाय पुढच्या वर्षी होमलोन काढायचंय. रुपेचं बिल ३५-३६ हजार येतं, म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के वापर, याने सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा स्कोअर, खाली येतो का? आणि व्हिसा खरंच बंद करू का?

मिरजकर_पोरगा
दादा, व्हिसा अजिबात बंद करू नका. ते "आपोआप येईल" वाल्या मॅडमकडून तेच वाक्य ईमेलवर लिहून मागा, बघा देतात का.
आधी एक बघा, तुमची लिमिटं खरंच वेगळी आहेत की एकाच लिमिटातले वाटे आहेत. आपल्याकडे बऱ्याच बँका एका गिऱ्हाइकाला एकच मोठं लिमिट देतात आणि त्याची सगळी कार्डं त्यातूनच खातात. रुपेवर पाच हजाराची खरेदी करा आणि लगेच अॅपमध्ये व्हिसाचं शिल्लक लिमिट बघा. तेही पाच हजाराने उतरलं तर लिमिट एकच आहे आणि ४० हजार हा फक्त रुपेवर लावलेला अडसर आहे. मग काम सोपं, तो अडसर वर करायला सांगायचं. अॅपच्या सेटिंगमध्ये कार्ड मॅनेज की काहीतरी असतं, ऑनलाइन, टॅप, परदेशी वापर यांचं चालू-बंद आणि मर्यादा, ते पण उघडून बघा, कारण काही वेळा अडसर आपणच तिथे लावलेला असतो. व्हिसाचं शिल्लक तसंच राहिलं तर मात्र लिमिटं वेगळी, मग अर्ज करण्याला पर्याय नाही.

जुना_कार्डवाला
मी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात काढलीत, आता सोडलं. चिंचवडकर, तुम्हाला भेटलेले तिघेही मुद्दाम खोटं बोलत नव्हते, हे आधी सांगतो. फोनवरच्या पोराच्या स्क्रीनवर "लिमिट इकडून तिकडे" असं बटणच नसतं. त्याच्याकडे लिमिट कमी करणे ही एक विनंती असते आणि लिमिट वाढवणे ही दुसरी. कमी करणे झटकन होतं, कारण त्यात बँकेची जोखीम घटते. वाढवणे जातं क्रेडिटवाल्यांकडे, तिथे उत्पन्नाचा कागद, जुना भरणा, सगळं बघतात आणि नाही पण म्हणू शकतात. म्हणजे फोनवर नुसतं "करून टाका" म्हणालात तर व्हिसाचे एक लाख आज उडतील आणि रुपेचा अर्ज पुढच्या आठवड्यात नामंजूर होईल. अशा तक्रारी मी ढिगाने पाहिल्यात. व्हिसा बंद करण्याचंही तेच, फक्त तिथे तीन लाख वीस हजार एकदम जातात.
म्हणून फोन सोडा. बँकेच्या ईमेलवर किंवा अॅपमधल्या मेसेजमध्ये साध्या भाषेत लिहा: "माझ्या व्हिसा कार्डाचं लिमिट ३,२०,००० वरून २,२०,००० करावं आणि रुपे कार्डाचं ४०,००० वरून १,४०,००० करावं. माझं एकूण लिमिट बदलत नाही. दोन्ही बदल एकत्रच करावेत, दुसरा शक्य नसेल तर पहिलाही करू नये. वाढीला माझी संमती आहे." ते संमतीचं वाक्य गाळू नका, रिझर्व्ह बँकेच्या कार्ड नियमांप्रमाणे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही, आणि ते नसलं की फाइल तेवढ्यासाठी परत येते. कार्ड नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे लिहा. रिक्वेस्ट नंबर मिळाल्याशिवाय काम सुरू झालं असं धरू नका.
आणि व्हिसावर ईएमआय चालू आहे का? असेल तर तेवढं लिमिट अडकलेलं असतं, ते हलत नाही. हप्ते फिटत जातील तसं मोकळं होतं.

चिंचवडकर_७७
मिरजकर, पाच हजाराची टेस्ट केली. व्हिसाचं शिल्लक जसंच्या तसं, म्हणजे वेगळी लिमिटं. कार्डवाले काका, फ्रिजचा ईएमआय आहे व्हिसावर, २४ हजार बाकी, पण त्याने एक लाखाला अडचण नाही यायची ना? आणि सिबिलचं राहिलंच.

न्यूजर्सीचा_नाना
इथे अमेरिकेत हे फार सोपं आहे राव. अमेरिकन एक्स्प्रेसच्या साइटवर लॉगिन करून एका कार्डाचं लिमिट दुसऱ्यावर स्वतःच टाकता येतं, चेस बँकेला मेसेज टाकला तरी करून देतात. इथली बरीच मंडळी एखादं कार्ड बंद करायच्या आधी त्याचं लिमिट दुसऱ्यावर काढून घेतात आणि मगच बंद करतात. भारतात माझं फक्त एक जुनं कार्ड आहे, तिथे असलं काही बघितलं नाही.

जुना_कार्डवाला
नाना, तिकडचं तिकडे. पण बंद करायच्या आधी लिमिट हलवून घ्या हा क्रम इथेही तोच.
चिंचवडकर, २४ हजाराने काही अडत नाही. सिबिलचं असं, एकूण वापरही बघतात आणि एकेका कार्डाचाही. ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं लोक सांगतात तो ढोबळ अंदाज आहे, कायदा नाही, पण नव्वद टक्के सतत दिसणं होमलोनच्या तोंडावर चांगलं नाही. व्हिसा बंद केलंत तर आणखी वाईट, कारण एकूण लिमिट घटतं आणि वापराचा टक्का एकदम चढतो, खर्च तोच असून. लिमिट हलेपर्यंत जुगाड हा, की बिल बनायच्या दोन-तीन दिवस आधीच रुपेवर २५ हजार भरून टाका. बिलात उरतं दहा-अकरा हजार, लिमिटही मोकळं होतं. दंड नाही, व्याज नाही, फुकटातलं काम.

सोलापूरची_ताई
एक सांगू का भाऊ, कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो तोच लावा. आमच्या शेजारच्यांना असाच फोन आला होता, "तुमचं लिमिट दुसऱ्या कार्डवर टाकतो, व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल उघडा", फाइल उघडली की ओटीपी परस्पर त्यांच्याकडे. पैसे गेलेच समजा कुणाचे तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करायचा, बँकेत रांग लावायला जाऊ नका आधी.

मिरजकर_पोरगा
ताईंना अनुमोदन. दादा, अजून एक वाट आहे, तुमच्या व्हिसाच्या जोडीला रुपे मिळतं का विचारा. आता काही बँका जुन्या कार्डाबरोबर दुसरं रुपे कार्ड देतात, तेही सामायिक लिमिटावर. मिळालं तर हे ४० हजारवालं प्रकरणच निकालात. फक्त वार्षिक फी विचारून घ्या, पहिलं वर्ष फुकट आणि मग बिलात टपकते.

चिंचवडकर_७७
अपडेट. ईमेल टाकला काकांच्या शब्दांत. उत्तर आलं, "आपली विनंती बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार मान्य करता येत नाही." कारण नाही, काही नाही. आता थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ का? डोकं फिरलंय.

जुना_कार्डवाला
जाऊन उपयोग नाही, आत्ता तरी नाही. किती लिमिट द्यायचं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरतात आणि लोकपाल योजनेत तसली तक्रार घेतच नाहीत. शिवाय आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग ३० दिवस वाट बघायची किंवा आधीच उत्तर येऊन ते पटलं नाही तर पुढे जायचं, असा क्रम आहे. ही तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस नावाच्या तक्रार पोर्टलवर फुकट करता येते. पण तिथे चालतं ते सेवेतल्या चुकीचं प्रकरण. उद्या व्हिसा बंद करा म्हणालात आणि बँकेने सात कामाच्या दिवसांत केलं नाही, बाकी शून्य असूनही, तर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात, ते मागायला तिथे जाता येतं. "मला लिमिट दिलं नाही" याला नाही.
तुम्ही असं करा. त्याच बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, वेबसाइटवर पायऱ्या दिलेल्या असतात. लिमिट मागू नका, तीन माणसांनी तीन वेगळी उत्तरं दिली आणि एकाने कार्ड बंद करायला सांगितलं, ते लिहा, तारखा टाका, आणि विचारा की यातलं खरं कोणतं. ही सेवेची तक्रार झाली, तिला एका ओळीत झटकता येत नाही. सोबत पगाराची ताजी स्लिप जोडा आणि शेवटी रुपेचं लिमिट नव्याने तपासा एवढंच म्हणा. जुनी स्लिप फाइलला असते म्हणूनच निम्म्या वेळा नाही म्हणतात.

चिंचवडकर_७७
झालं हो! पूर्ण एक लाख नाही मिळाले, पण रुपे १,१०,००० झालं आणि व्हिसा अडीच लाखावर आणलं, दोन्हीचा मेसेज एकाच संध्याकाळी. बाईंचा स्वतःहून फोन आला होता, नीट बोलल्या. आता होमलोनला कधी अर्ज टाकू, लगेच चालेल?

जुना_कार्डवाला
थोडं थांबा. जानेवारी २०२५ पासून बँकांना सिबिल वगैरे कंपन्यांकडे निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे पूर्वीसारखे महिने जात नाहीत. दोन बिलं होऊ द्या, मग वर्षातून एकदा फुकट मिळणारा रिपोर्ट काढा आणि दोन्ही कार्डांचं नवं लिमिट बरोबर चढलंय का बघा. तिथे व्हिसाचे अडीच लाख आणि रुपेचे अजून जुनेच ४० हजार दिसले तर आधी ते दुरुस्त करून घ्या, मग अर्ज.