हाताने ढकलला की फिरतो, असा कसा फॅन?

आयटीआय इलेक्ट्रिशियन, पहिलं वर्ष. घरचा सिलिंग फॅन स्विच दिला की नुसता हूं हूं करतो, काठीने पातं ढकललं की फिरायला लागतो, आणि गंमत म्हणजे उलटं ढकललं तर उलटा पण फिरतो!! वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) गेलंय का?

वायरमनकाका: वाइंडिंग नाही रे, कपॅसिटर (वीज साठवून सोडणारा छोटा भाग) गेला. सिंगल फेजचं (घरच्या साध्या विजेचं) चुंबकीय क्षेत्र गोल फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होतं, त्यामुळे रोटरला (मोटरच्या फिरणाऱ्या भागाला) कुठल्या बाजूला जायचं तेच कळत नाही, मग तू ढकलशील तिकडे जातो. फॅनमध्ये दोन वाइंडिंग असतात, स्टार्टिंग आणि रनिंग; कपॅसिटर स्टार्टिंग वाइंडिंगच्या सिरीजमध्ये (एकाच वाटेत, एकामागे एक) असतो, तो तिथला करंट रनिंगच्या करंटपुढे जवळपास ९० अंश नेतो, मग क्षेत्र फिरतं. २.५ मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) आणून टाक, आधी जुन्यावरचा आकडा बघ.

प्रश्नकर्ता: थँक्यू काका. मीटरवर २.५ च्या जागी १.१ दाखवतोय. मग जास्तीचा, ४ चा टाकला तर वारा जास्त येईल ना?

वायरमनकाका: नको, स्टार्टिंग वाइंडिंग तापून जळेल. फॅनमध्ये कपॅसिटर कायम सर्किटमध्ये असतो, पंपाच्या मोटरचा स्टार्टिंगवाला जसा सेंट्रिफ्युगल स्विचने (मोटरने वेग घेतला की आपोआप उघडणाऱ्या स्विचने) बाहेर पडतो, तसा हा पडत नाही.

शॉकखाल्लेला: आणि मेन बंद करून, जुन्याची दोन टोकं रेझिस्टरने डिस्चार्ज करूनच हात लाव, मी स्टुलावरून खाली आलोय एकदा.

प्रश्नकर्ता: टाकला, फिरतोय. पण उलटा, वारा वर 😅

वायरमनकाका: स्टार्टिंगची दोन टोकं अदलाबदल कर.