जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी: शोकेसमध्ये मिरवायच्या की डब्यात ठेवायच्या?

साठपिनी
थेट मुद्द्यावर येतो. मुंबई-ठाण्यापासून गोव्यापर्यंत पावसाळ्याचे चार महिने हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ७५-८० टक्क्यांच्या वरच असते. ६५-७० च्या पुढे कागद आणि पुठ्ठ्यावर बुरशी धरायला लागते. तरीही परदेशातले फोटो बघून लोक भिंतभर उघडे रॅक ठोकून घेतात आणि त्यावर पुस्तिका, खोकी, कॅसेटी सगळं मांडतात.

माझं मत असं की किनारपट्टीत मूळ खोकी, पुस्तिका आणि कॅसेटी रबरी गॅस्केटच्या हवाबंद डब्यात जाव्यात. शेल्फवर फक्त कन्सोल (गेमचं मशीन) आणि खोक्यांच्या रंगीत प्रिंट ठेवा. काच लावली म्हणजे झालं असंही नाही. साध्या काचेतून यूव्ही-ए किरण बऱ्यापैकी आत येतात. लेबलवरचा लाल आणि पिवळा आधी उडतो, मग निळसर भूत उरतं.

आणि कृपा करून कपाटात डांबरगोळ्या टाकू नका. नॅफ्थॅलिनच्या वाफेने पॉलिस्टायरिन मऊ पडतं, आणि सीडीच्या कडक पारदर्शक केस पॉलिस्टायरिनच्याच असतात.

आडवा छेद
साफ असहमत. हवाबंद डबा म्हणजे सुरक्षित डबा, हे गृहीतकच कच्चं आहे.

गणित करू. ५० लिटरचा डबा, ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता. आतल्या हवेत पाणी जेमतेम सव्वा ग्रॅम. पण डब्यात २ किलो पुठ्ठा-कागद असेल, तर ८० वरून ५० टक्क्यांवर येताना तो स्वतःच्या वजनाच्या साधारण ४ टक्के पाणी सोडतो, म्हणजे ८० ग्रॅम. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) त्या आर्द्रतेला आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकं पाणी धरतं असं उदारपणे मानलं, तरी सव्वातीनशे ग्रॅम लागेल. लोक बुटांच्या खोक्यातून निघालेल्या ५ ग्रॅमच्या दोन पुड्या टाकतात आणि जुलैत झाकण लावतात. ओल आतच कोंडली जाते.

दुसरं म्हणजे दृष्टीआड सृष्टी. गेम बॉयमध्ये (निन्टेन्डोचं हातात धरायचं मशीन) राहिलेले पेन्सिल सेल डब्यात पाझरले तर कळणार कधी? शेल्फवर असलेली वस्तू रोज नजरेखालून जाते. मशीन अधूनमधून लावलं जातं, बटणं दाबली जातात, बिघाड लवकर लक्षात येतो. बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंमी अंतर, सरकत्या काचांच्या फटीला ब्रश-पट्टी, आत शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, आणि पावसाळ्यात खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र). एवढं केलं की शोकेस पुरते.

संत्रा मार्केट
दोघंही समुद्राकाठचं बोलताय. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, ओल नावालाही नसते. इथला शत्रू ऊन आणि धूळ. राखाडी-पांढरं एबीएस प्लास्टिक पिवळं पडतं ते यूव्हीने, आणि उष्णतेने त्यात भर पडते. म्हणून अंधाऱ्या माळ्यावर ठेवलेलं मशीनही पिवळं होऊ शकतं. स्लॅबखालचा माळा ही जागाच बाद. पश्चिमेची भिंतही बाद.

हायड्रोजन पेरॉक्साइड लावून प्लास्टिक पुन्हा पांढरं करण्याच्या फंदात पडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: क्रीम कमी-जास्त लागलं की पट्टे उठतात, ते निघत नाहीत. शिवाय काही काळाने पिवळेपणा परततो. पिवळं मशीन तसंच मांडलं तर काही बिघडत नाही.

बाकी ‘आडवा छेद’शी सहमत. कोरड्या भागात डब्याचं खूळ कशाला?

गेमबिट
डबा की शोकेस ते ठरवा, पण आधी काय ठेवायचं ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक संग्रहात सामुराई, लिटल मास्टर वगैरे फॅमिकॉमच्या (निन्टेन्डोचं जुनं जपानी मशीन) नकला आणि त्यांच्या ६० पिनांच्या कॅसेटी असतात. त्यांच्या कण्यावर बऱ्याचदा लेबल नसतं. पुस्तकासारख्या उभ्या लावल्या की सगळ्या सारख्याच दिसतात. कॅसेटवर स्टिकर चिकटवू नका, गोंद पाझरतो. प्रत्येक कॅसेट ०.०५ मिमीच्या पॉलीप्रॉपिलीन पिशवीत घाला आणि क्रमांक पिशवीवर टाका. पीव्हीसीची मऊ पिशवी नको, ती काही वर्षांत चिकट होते.

मग वहीत किंवा एक्सेलमध्ये क्रमांकापुढे खरी यादी. ‘९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये दोन-चार डझन गेम फिरून फिरून येतात. तेव्हा एकदा लावून बघा, वेगळे गेम किती ते मोजा, मेनूच्या पहिल्या पानाचा फोटो काढा. ए-बी-सी-डीने लावण्याला या कॅसेटींत अर्थ नाही. मशीनप्रमाणे, मग एका गेमच्या आणि अनेक गेमच्या, एवढी विभागणी पुरे.

ठेवण्याआधी पिना पुसा: ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, कापसाची काडी, काडी काळी येणं थांबेपर्यंत. फुंकर मारायची सवय सोडा, थुंकीच्या ओलीने पिना हिरव्या पडतात.

आडवा छेद
@गेमबिट, हिरवा थर जाड असेल तर अल्कोहोलने हलत नाही. पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवावंच लागतं.

गेमबिट
नकली कॅसेटींच्या पिनांवरचा मुलामा आधीच नावापुरता असतो. खोडरबराने तोही जातो, मग तांबं उघडं पडतं आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा हिरवं. शेवटचा उपाय म्हणून करा, दर वेळी नको.

सेव्हची (खेळाची प्रगती साठवून ठेवणारी) बॅटरी असलेल्या कॅसेटी वेगळ्या काढा. गेम बॉयच्या पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर२०२५ हा बटण-सेल असतो आणि आतलं घड्याळ सतत चालू असल्याने तो लवकर संपतो. उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट (खास स्क्रूचं टोक) लागतो. सेल टॅबवालाच (धातूच्या पट्ट्या जोडलेला) घ्या, साध्या सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका, उष्णतेने फुगतो. सेल काढला की सेव्ह गेलं हे गृहीत धरा.

साठपिनी
@आडवा छेद, तुमचं गणित माझ्याच बाजूचं आहे. डबा जुलैत भरायचाच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत कोरड्या दिवशी खोकी दोन दिवस पंख्याखाली पसरायची, मग सिलिकासकट बंद करायची. केशरी दाणे हिरवे झाले की ओटीजीत १२० अंशांवर दोन-तीन तास. निळे दाणे टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. दिवसभर डीह्युमिडिफायर चालवण्याच्या विजेपेक्षा हे कितीतरी स्वस्त. कॅमेरावाले वापरतात तसं ३० लिटरचं ड्राय कॅबिनेट (आतली आर्द्रता कमी ठेवणारं विजेचं कपाट) घेतलं तर फॅमिकॉमच्या शे-दीडशे कॅसेटी बसतात, वर काचेचं दार, म्हणजे तुमची हौसही भागते. आर्द्रतेचा काटा ४५ टक्क्यांवर ठेवा. फार खाली नेलात तर पुठ्ठा ठिसूळ होतो.

@संत्रा मार्केट, नागपुरात पाऊस पडत नाही का? जुलै-ऑगस्टचा आकडा बघून सांगा.

संत्रा मार्केट
पडतो हो. पण दोन महिन्यांसाठी बारा महिने डब्यात कोंडायचं? काचेचं कपाट, आतल्या भागात, जाड पडदा. मी यावरून हलत नाही.

खिळा-हातोडा
सुतारकामाचं कोणी बोललं नाही म्हणून. १८ मिमी प्लायची फळी ९० सेंमी लांब ठेवलीत तर कन्सोलच्या वजनाने मध्ये झुकते. दर ६० सेंमीला आधार द्या. फळीची खोली ३५ सेंमी: जुना जाडा पीएस२ (प्लेस्टेशन २) आडवा ३० सेंमी रुंद आणि १८ खोल आहे, मागे केबलला जागा हवी. मागच्या प्लायला ५० मिमीचं भोक. एलईडी पट्टीचा ड्रायव्हर (वीज पुरवणारा डबा) कपाटाबाहेर, नाहीतर आत भट्टी. मशीनचे उबदार कोपरे झुरळांना फार आवडतात, भोकांना जाळी मारा.

आणि केबल मशीनभोवती गुंडाळून ठेवू नका. पीव्हीसीतलं मऊ करणारं द्रव्य प्लास्टिकमध्ये उतरतं, झाकणावर वायरचा खड्डा पडतो आणि तो घासूनही जात नाही. केबल वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मशीनचं नाव. अडॅप्टरवर व्होल्ट आणि मधली पिन धन की ऋण तेही लिहा. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, मधली पिन ऋण. अमेरिकन एनईएसचा (फॅमिकॉमचंच परदेशी रूप) अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. तो फॅमिकॉमला लावला की मशीन उडालंच म्हणून समजा.