प्रति: जर्मनीत होस्टेल की बाहेर रूम?
ताई, मुलीला जर्मनीत अ‍ॅडमिशन मिळालंय तर होस्टेल बघू की बाहेर रूम असं तुम्ही विचारलंय, माझं म्हणाल तर आधी होस्टेलच. पण तिथली बहुतेक होस्टेलं युनिव्हर्सिटी नाही चालवत, श्टुडीरेंडेनवेर्क (Studierendenwerk) म्हणून वेगळी संस्था असते, म्हणजे अर्ज वेगळा करायचा आणि वेटिंग पण मोठं, म्युनिकचं तर विचारूच नका. वर एका भाऊंनी लिहिलंय डिपॉझिट आधीच पाठवून मोकळे व्हा, असलं काही करू नका हो, करार हातात आल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही, फसवणारे लय आहेत. मूळ भाड्याच्या 3 महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट कायद्याने घेता येत नाही आणि तेही 3 हप्त्यांत देता येतं. पत्ता नोंदवायला घरमालक कागद देणार ना हे आधीच विचारा, राहायला गेल्यावर 2 आठवड्यांत नोंदणी करावी लागते.

किचन बहुतेक ठिकाणी सामाईक, फ्रिजचा एकच कप्पा, शेगडी विजेची. आमचा पुतण्या भरताचं वांगं ओव्हनमध्ये भाजतो, खायला बरं लागतं पण धुराचा वासच नाही, जळगावच्या माणसाने काय त्याला भरीत म्हणायचं! गव्हाचं पीठ तिकडे मिळतं, बॅगेत कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि काळा मसाला द्या.